‘अंमल’ : शब्दाचा अर्थ, वापर आणि पाचवे शील

पंचशीलातील पाचव्या शीलाचा अर्थ सांगताना आपण बहुतेक वेळा ‘दारू पिऊ नये’ एवढ्यावर थांबतो. बारामती तालुक्यातील पिंपळी येथे वंदनेनंतरच्या चर्चेत एका तरुणाने सरळ विचारले, “शीलात सुरा आहे, मेरय आहे. गोळीचं आणि पावडरीचं नाव कुठं आहे?” प्रश्न खोडीचा वाटला, पण तो खोडीचा नव्हता. मागे बसलेल्या एक आई लगेच म्हणाल्या, “पोराच्या तोंडाला कधी वास आला नाही, कधी त्याचा झोक गेला नाही. मग आम्हाला कळायचं तरी कसं?”

मुलाने शीलातला शब्द विचारला आणि आईने घरातली खूण विचारली. दोघांची अडचण एकच आहे. ‘नशा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारू पिऊन झोकांड्या खाणारा माणूस येतो. त्या चित्रात न बसणारी नशा आपल्याला दिसतच नाही. मराठीत मात्र यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे : अंमल. ‘अंमली पदार्थ’ हे दोन शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण त्यातील ‘अंमल’ म्हणजे काय, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. म्हणून हा लेख.

एक शब्द, दोन अर्थ

‘अंमल’ हा मुळात अरबी शब्द. मूळ रूप ‘अमल’, अर्थ कृती, काम, आचरण. फारसी राज्यकारभारातून तो मराठीत आला आणि इथे त्याचा मुख्य अर्थ झाला सत्ता, हुकमत, अधिकार. ‘निजामाचा अंमल’, ‘इंग्रजी अंमल’ हे आपण इतिहासात वाचतो. १८१८ मध्ये पेशवाईचा अंमल संपला, हे वाक्य तर आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यातूनच ‘अंमलदार’ म्हणजे अधिकार चालवणारा आणि ‘अंमलबजावणी’ म्हणजे ठरलेली गोष्ट प्रत्यक्षात आणणे, हे शब्द झाले. कायदा ‘अंमलात येतो’, म्हणजे त्याची सत्ता सुरू होते.

दुसरा अर्थ नशेचा. शरीरात गेलेल्या पदार्थाचा मनावर आणि इंद्रियांवर जो ताबा बसतो, तो अंमल. तो चढतो, काही काळ टिकतो आणि उतरतो. ‘दारूच्या अंमलाखाली भांडण केले’, ‘औषधाचा अंमल अजून उतरलेला नाही’ अशी वाक्ये आपण सहज बोलतो. हिंदीतही ‘अमल’ हा शब्द नशेसाठी आहे. राजस्थानात तर खुद्द अफूलाच ‘अमल’ म्हणतात.

हे दोन अर्थ योगायोगाने शेजारी आलेले नाहीत. राज्यावर दुसऱ्याची हुकमत बसते तसा देहावर पदार्थाचा हुकूम चालतो. म्हणूनच पोलिसांच्या बातमीत हा शब्द एकाच वाक्यात तीनदा येऊ शकतो : पोलीस अंमलदारांनी अंमली पदार्थ पकडून कायद्याची अंमलबजावणी केली. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : इथे हुकूम कोणाचा चालतो?

अमल की अंमल?

लेखनात ‘अमली’ आणि ‘अंमली’ अशी दोन्ही रूपे आढळतात. शासकीय पाट्यांवरही दोन्ही दिसतात. मूळ अरबी उच्चारात अनुस्वार नाही, तो मराठी बोलण्यातून आला आहे.

मात्र आपल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. संस्कृत आणि पालीतला ‘अमल’ हा अगदी वेगळा शब्द आहे. तो ‘अ’ अधिक ‘मल’ असा बनतो, अर्थ मळ नसलेला, निर्मळ. ‘विमल’ हे नाव आपल्या घरांत ओळखीचे आहे, तो याच कुळातला. एकाच अक्षरांत एकीकडे निर्मळ मन आणि दुसरीकडे नशेचा ताबा, असा घोटाळा टाळायचा असेल तर नशेसाठी अनुस्वारासह ‘अंमल’ लिहिणे सोयीचे.

शेजारचे शब्द आणि त्यांतला फरक

नशेसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. पण प्रत्येक शब्द नशेची एकच बाजू दाखवतो.

नशा : सर्वांत रुळलेला शब्द. हाही अरबी-फारसीतून आला. ‘नशा म्हणजे नाश’ ही घोषणा भिंतीवर चांगली दिसते, पण ‘नाश’ संस्कृतातला आहे आणि ‘नशा’शी त्याचे कुळाचे नाते नाही. घोषणा खुशाल द्यावी, व्युत्पत्ती म्हणून सांगू नये.

कैफ : मूळ अरबी. मराठीत त्यात सुखाची, मस्तीची छटा आहे. यशाचा कैफ, सत्तेचा कैफ असेही म्हणतात.

झिंग, धुंदी, तर्र, टाइट : हे दारूभोवतीचे शब्द. झिंगलेला माणूस डोलतो, धुंद माणसाला समोरचे नीट दिसत नाही, तर्र झालेल्याला उभे राहवत नाही. हे शब्द बाहेरून दिसणाऱ्या खुणा सांगतात.

गुंगी : झोपेकडे नेणारी बधिरता. १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावात ‘गुंगीकारक’ हाच शब्द आहे. बोलताना आपण त्याला एनडीपीएस कायदा म्हणतो.

भूल : शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर देतात ती. हीही औषधाच्या अंमलाचीच अवस्था, पण तज्ज्ञाच्या हातात आणि ठरलेल्या वेळेपुरती.

गर्द : फारसीत अर्थ धूळ. ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा त्या पावडरीला हे नाव पडले आणि ती ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. डॉ. अनिल अवचट यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले.

व्यसन : आज आपण याचा अर्थ ‘न सुटणारी सवय’ असा घेतो. पालीत ‘ब्यसन’ म्हणजे आपत्ती, हानी. अंगुत्तर निकायात पाच ब्यसने सांगितली आहेत : नातेवाइकांची हानी, संपत्तीची हानी, रोगामुळे होणारी हानी, शीलाची हानी आणि दृष्टीची हानी. व्यसनात अडकलेल्या एखाद्या घराकडे पाहा. नाती तुटतात, मग शेत किंवा दागिने जातात, मग शरीर खचते, मग खोटे बोलणे व चोरी येते आणि शेवटी ‘यात वाईट काय’ असे वाटू लागते. ही यादी व्यसनमुक्तीसाठी सांगितलेली नसली तरी ती त्या घराला अचूक लागू पडते.

या सर्वांत ‘अंमल’ वेगळा पडतो. तो डोलण्याविषयी, वासाविषयी किंवा झोपेविषयी काही सांगत नाही. ताबा कोणाकडे आहे, एवढेच तो सांगतो. म्हणून दारू, गांजा, गोळी, पावडर, इंजेक्शन या सर्वांना तो सारखाच लागू होतो.

वास नसलेला अंमल

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर, जिथून दौंड-बारामती रस्ता जातो, त्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीचे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर गाजले. पुणे पोलिसांनी पुण्यातील साठा आणि कुरकुंभमधील एक रासायनिक कारखाना यांवर कारवाई करून सुमारे सहाशे किलो मेफेड्रोन जप्त केले. पोलिसांनी त्याची किंमत अकराशे कोटी रुपयांहून अधिक सांगितली. पुढे हा तपास दिल्लीपर्यंत गेला. ‘हे मुंबईचे लोण, आपल्याकडे नाही’ असे म्हणण्याची सोय त्या दिवशी बारामती, इंदापूर आणि दौंडच्या लोकांना उरली नाही.

मेफेड्रोन म्हणजेच बोलीतले ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’. हे शेतात पिकत नाही, रसायनांपासून कारखान्यात बनते. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. एमडीने गुंगी येत नाही, उलट होते. माणूस तरतरीत दिसतो, खूप बोलतो, रात्र रात्र जागतो, त्याला भूक लागत नाही, छाती धडधडते, जबडा आवळला जातो. अंमल उतरला की तो खचतो, चिडतो, संशय घेऊ लागतो आणि पुन्हा घ्यावेसे वाटते. तोंडाला दारूचा वास नाही, चालताना झोक नाही. घरचे म्हणतात, ‘पोरगा रात्रभर अभ्यास करतोय’ किंवा ‘जिमला जायला लागल्यापासून बारीक झालाय’. ज्या घरात नशेची ओळख ‘झिंग’ या शब्दाने झालेली असते, तिथे हा अंमल महिनोन् महिने दिसत नाही.

झोपेच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध, पंक्चरचे सोल्यूशन आणि व्हाइटनर हुंगणे यांचेही असेच. यातल्या बहुतेक वस्तू मेडिकलमध्ये, स्टेशनरीच्या दुकानात, सायकलच्या दुकानात मिळतात. त्या ‘दारू’ नाहीत, म्हणून त्यांची लाजही वाटत नाही. मात्र त्यांचा अंमल बसतोच.

यासाठी पालकांनी ‘वास येतो का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि हे प्रश्न विचारावेत : झोपेची वेळ पूर्ण उलटी झाली आहे का? जेवण सुटले आहे का? पैशांचा हिशेब लागत नाही का? जुने मित्र एकाएकी बदलले का? मोबाइल, गाडी, दागिना नाहीसा होतो आहे का? मुलाच्या दिवसावर मुलाचा स्वतःचा हुकूम चालतो की दुसऱ्याच कशाचा? यातल्या एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. पण तीन-चार एकत्र दिसू लागल्या तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

शीलात गोळीचे नाव आहे का?

पाचव्या शीलातील मोठा जोडशब्द फोडून पाहिला तर तरुणाला उत्तर मिळते : सुरा, मेरय, मज्ज, पमाद, ठान.

विनयपिटकात सुरेचे पाच आणि मेरयाचे पाच प्रकार दिले आहेत. सुरा ही पीठ, अपूप म्हणजे घारगे-पोळीसारखे पदार्थ, भात अशांपासून होणारी. मेरय म्हणजे आसव : फुलांचे, फळांचे, मधाचे आणि गुळाचेही. ‘गुळासव’ हा शब्द वाचून आमच्या ऊसपट्ट्यातील वाचक थबकेल. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या कारखान्यांच्या परिसरात मळी आणि काळ्या गुळापासून काय बनते, हे कोणाला शिकवायला नको. हातभट्टीचा पूर्वज अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत नावानिशी आहे.

पण यादी तिथे संपत नाही. पुढचा शब्द ‘मज्ज’, म्हणजे ज्याने मद चढतो ते. अट्ठकथेत याचा खुलासा आहे. सुरा आणि मेरय हे मज्ज आहेतच, पण त्यांशिवाय मद आणणारे आणि माणसाला बेसावध करणारे जे जे काही आहे, तेही मज्जच. उद्या नवी गोळी निघाली आणि तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नसले, तरी ती या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही.

आणि खरा भार आहे तो ‘पमाद’ या शब्दावर. पमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. ‘ठान’ म्हणजे जागा, कारण. पदार्थ वाईट म्हणून तो सोडायचा असे शील म्हणत नाही. तो पमादाला जागा देतो म्हणून सोडायचा. भान सुटले की उरलेली चार शीले सांभाळणार कोण? तथागतांच्या महापरिनिर्वाणसमयीच्या उपदेशात अप्रमादच आहे आणि धम्मपदाचा दुसरा वर्गही अप्रमादवर्ग आहे. ‘अंमल’ हा शब्द सांगतो की ताबा दुसऱ्याकडे गेला. ‘पमाद’ सांगतो की आपण पहारा सोडला. दोन्ही शब्द एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

विनयातील सागत भिक्खूंची कथा याच जागी आठवते. ऋद्धिबळाने भयंकर नागाला नमवणारे म्हणून सागत प्रसिद्ध झाले. कौतुकाने कोसंबीच्या उपासकांनी घरोघरी त्यांच्यासाठी मद्य ठेवले. ते पिऊन सागत नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी त्यांना विहारात आणून तथागतांकडे डोके करून झोपवले, तर ते वळून तथागतांकडेच पाय करून झोपले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले : पूर्वी सागत आपला आदर करत होता ना? त्याने नागाला नमवले होते ना? आज तो पाण्यातल्या साध्या दिवडीला तरी नमवू शकेल का? यानंतर मद्यपानाविषयीचा नियम झाला. या कथेत शिव्याशाप नाहीत, केवळ दोन अवस्थांची तुलना आहे. आणि पेला पुढे करणारे शत्रू नव्हते, प्रेमाने देणारे आपलेच लोक होते, हेही विसरू नये. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत ‘एक घे रे’ म्हणणारे हातही आपलेच असतात.

गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्तात मद्याचे सहा तोटे आहेत : डोळ्यांदेखत धनाची हानी, कलह वाढणे, रोग, बदनामी, लाज सुटणे आणि प्रज्ञा दुबळी होणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले, नंतर जनसमुदायाला दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. तिथे त्यांनी लोकांच्या तोंडचा साधा शब्द वापरला. म्हणजे घरात शिरलेल्या शत्रूचे नाव प्रतिज्ञेत आहे आणि जे अजून यायचे होते त्यांच्यासाठी शीलात ‘मज्ज’ हा शब्द आहे. ‘प्रतिज्ञेत फक्त दारू आहे’ ही पळवाट म्हणूनच टिकत नाही.

औषधाने शील मोडते का?

हा प्रश्नही विहारात येतो आणि त्याचे चुकीचे उत्तर घातक ठरते. मानसिक आजारासाठी, फिटसाठी, तीव्र वेदनेसाठी डॉक्टर देतात त्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. ‘शील मोडते’ म्हणून त्या परस्पर बंद करणे ही चूक आहे. विनयातच औषधी तेलात मद्य घालण्याची मुभा आहे, अट एवढीच की त्याचा रंग, वास आणि चव जाणवू नये. म्हणजे उपचारासाठी परवानगी, मदासाठी नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या काळापुरते घेतलेले औषध भान परत आणण्यासाठी असते. तीच गोळी चिठ्ठीशिवाय, मौजेसाठी, वाढत्या मात्रेत घेतली की तिचा अंमल सुरू होतो.

माणसाला काय म्हणावे?

‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’, ‘नशेडी’ हे शब्द माणसाची अवस्था सांगत नाहीत, ते त्याच्यावर कायमचा शिक्का मारतात. शिक्का म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या वस्तीवर मारलेल्या शिक्क्यांतून आपण बाहेर आलो आहोत. तेच आपण आपल्या मुलावर मारू नये. ‘अंमलाखाली आहे’ असे म्हटले की तो अंमल संपूही शकतो, हे त्या वाक्यातच येते. ‘व्यसनाधीन’ हा शब्दही योग्य आहे. अधीन असलेला माणूस स्वाधीन होऊ शकतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. त्या एका शब्दाने केंद्रात येणाऱ्याची मान थोडी वर होते.

कायदाही इथे पूर्ण आंधळा नाही. अंमली पदार्थाचे सेवन हा एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. पण कलम ६४ अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही. ‘पोलिसांना कळेल’ या भीतीने मुलाला खोलीत कोंडून ठेवणाऱ्या पालकांपर्यंत ही माहिती पोहोचली पाहिजे. कोंडून ठेवण्यात आणखी एक धोका आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून सोडवणेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवे.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी १४४४६ आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६. हे दोन क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर, वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी लिहिलेले असावेत.

अंगुत्तर निकायात पंचशीलाला महादान म्हटले आहे. जो मद्यापासून दूर राहतो तो असंख्य प्राण्यांना अभय देतो. संध्याकाळी दाराची कडी वाजली की कोण, कसा येतोय या भीतीने जी माउली दचकते, तिला हे अभयदान काय असते ते लगेच कळेल. पिंपळीच्या त्या तरुणाला उत्तर असे : गोळीचे नाव शीलात आहे, ‘मज्ज’ या नावाने. आणि त्या आईला उत्तर असे : वास शोधू नका, अंमल ओळखा.

भवतु सब्ब मंगलं.